रिट्रीटची तयारी आणि तुम्हा दोघांकडे एक मागणं

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

"रिट्रीटच्या गडबडीत आहे" म्हणून मी फोन ठेवला, आणि लगेच बाबांचा मेसेज आला: "गडबड असेल तर ती रिट्रीट कसली?" म्हणून आता निवांत लिहितेय. शेवटी एक मागणंही आहे.

ही प्रार्थना-मननाची रिट्रीट आहे कॉलेज संपवून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींची, शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत. तारखेवरूनच पहिली खडाजंगी झाली. परीक्षेआधी ठेवली तर मुलं बायबलमध्ये नोट्स घालून वाचणार, आणि निकालानंतर ठेवली तर गावात कुणी उरतच नाही. शेवटचा पेपर आणि हॉस्टेल रिकामं करायचा दिवस, यांच्यामधली फट कशीबशी साधली आहे.

कार्यक्रमाचा पहिला आराखडा बघून तर मलाच दम लागला. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत व्याख्यानं, गटचर्चा, स्पर्धा, आणि शेवटच्या रात्री शेकोटी, गाणी, गळाभेटी, रडारड. मी निम्मं छाटलं. मार्काच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात प्रेषित कामावरून परत येतात, माणसांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही, तेव्हा येशू त्यांना एकांतात येऊन जरा विसावा घ्यायला सांगतो. (बाबा, लोक तिथेही आधीच जाऊन पोचले होते, हे मला ठाऊक आहे. सांगू नका.)

शनिवारी सकाळी तीन तास मौन ठेवलंय. जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलाची साधना पुरी करायला साधारण 30 दिवस लागतात, त्यापुढे हे काहीच नाही, तरी समितीतल्या काहींचे चेहरे पडले. मौनाची सुरुवात कशी होते ते मी पाहिलंय. मुलं रिकाम्या मनगटाकडे बघतात, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतात, खिसा चाचपतात. मग कुणीतरी हळूच वही उघडतं.

मननासाठी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचा 29वा अध्याय घेतलाय. त्यातलं 11वं वचन निरोपाच्या प्रत्येक कार्डावर असतं: देवाचे संकल्प हिताचे आहेत, भविष्य आहे, आशा आहे. पण त्याच्या आधीचं 10वं वचन कार्डावर कधी दिसत नाही. त्यात परत यायला 70 वर्षं सांगितली आहेत! हा अध्याय म्हणजे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं पत्र आहे. एक अध्याय मागे हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगत होता, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना अर्थातच तोच आवडला असणार. यिर्मया म्हणतो, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा. आपल्या मुलांना आम्ही सगळे हनन्याच होऊन भेटतो असं मला वाटतं. विश्वास ठेव, लगेच चांगली नोकरी लागेल, वगैरे.

आधीच्या मुलांना विचारलं, बाहेर पडल्यावर जड काय गेलं? नास्तिक मित्रांचे प्रश्न वगैरे कुणीच म्हणालं नाही. नव्या शहरात रविवारी सकाळी उठवायला कुणी नसतं, आणि आपण उपासनेला गेलो नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही, हे बहुतेकांनी सांगितलं. एकाला पहिल्याच महिन्यात साहेबांनी खोट्या आकड्यांवर सही करायला सांगितली होती. म्हणून दुपारची सत्रं यावरच आहेत: चर्चची मंडळी कशी शोधायची, पगारातलं किती कुठे द्यायचं, नाही कसं म्हणायचं. आणि जाताना प्रत्येकाकडे नव्या शहरातल्या एका तरी माणसाचा फोन नंबर हवा.

मुलं स्वतःला एक पत्रही लिहिणार आहेत, ते आम्ही सहा महिन्यांनी टपालात टाकू. परवा यादी करताना एकीने विचारलं, "पाकिटावर पत्ता कुठला घालू?" तिला अजून माहीतच नाही ती कुठे असेल. शेवटी आई-वडिलांचा घातला.

तर मागणं असं. शेकोटीच्या जागी शनिवारी संध्याकाळी तुम्ही दोघांनी यायचं. या मुलांनी वक्ते खूप ऐकलेत. एकाच ठिकाणी राहून, कंटाळा येऊनही टिकलेली माणसं त्यांना फारशी भेटलेली नाहीत. बाबा, भाषण नको, मुद्दे काढू नका. तुमची नोकरी गेली त्या वर्षाचं सांगा. तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हता आणि प्रार्थनाही वेगवेगळ्या खोल्यांत करत होता, तेही. आई, तू म्हणशील मला चारचौघांत बोलता येत नाही. नको बोलूस, मुलं विचारतील तेवढंच सांग. मला तर खात्री आहे, जास्त प्रश्न तुलाच येतील.

खोली तळमजल्यावरची ठेवली आहे, बाथरूम आतच आहे, जिने चढायचे नाहीत. गुडघ्याचा पट्टा आणि रात्रीच्या गोळ्या तेवढ्या आठवणीने घ्या. या रविवारपर्यंत हो-नाही कळवा, म्हणजे शनिवारचा कार्यक्रम छापायला देते. नाही म्हणालात तर पुन्हा फोन करून भांडेन.

तुमची,
धाकटी

ता.क. बाबा, मुद्दे खरंच नकोत. मी पिशवी तपासणार आहे.