शेवटच्या दिवशी दरीत उतरू नका

संपादक महोदय,

मे-जूनमध्ये मुलांकडे अमेरिकेत गेलेले आईवडील नातवंडांसह ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनला हमखास जातात. पुष्कळदा शेवटच्या दिवसाचा बेत असा असतो: सकाळी ब्राइट एंजल वाटेने थोडे खाली उतरायचे, दुपारी गाडी काढायची आणि रात्री लास व्हेगासहून विमान पकडायचे. हा बेत बदलावा, यासाठी हे पत्र.

आपल्या पायांना सह्याद्रीची सवय. किल्ल्यावर दम आधी लागतो, उतार नंतर येतो. थकलेला माणूसही सावकाश पायथ्याच्या गावी पोहोचतो. कॅन्यनमध्ये सगळे उलटे. ताजेतवाने असताना उतार आणि पाय गळाल्यावर भर उन्हात चढ. शिवाय दक्षिण कडा सुमारे २,१०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही साडेचारशे मीटर उंच. तिथल्या विरळ हवेत आजी-आजोबांना धाप लवकर लागते. दीड मैलावरचा पहिला विसावा कड्यापासून सुमारे ३४० मीटर खाली आहे. उतरायला एक तास लागला तर चढायला दोन धरावेत. तीन मैलांचा विसावा गाठून परतायला चार ते सहा तास जातात, आणि लास व्हेगास तिथून साडेचार तासांवर आहे. विमानाची घाई असली की माणूस विश्रांती गाळतो, दुपारी चढतो, आणि तिथेच सगळे बिघडते. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार दरीत चालू नये, असे उद्यानाचे अधिकारी सांगतात. जुलैत कड्यावर २९ अंश असले तरी तळाशी पारा चाळिशी ओलांडतो.

कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, उडून जातो. त्यामुळे पाणी किती गेले ते कळत नाही. चालताना तासाला अर्धा लिटर, कडक उन्हात थोडे अधिक प्यावे. पण नुसते पाणी ढोसणेही घातक. रक्तातले मीठ पातळ होते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसतात, ती ऊन लागल्याची समजून आणखी पाणी पाजले जाते आणि प्रकृती अधिक ढासळते. म्हणून दर अर्ध्या तासाला खारे शेंगदाणे, चिवडा, लिंबाचे लोणचे घालून पोळी असे काहीतरी पोटात जावे. ओआरएसची पाकिटे भारतातूनच न्यावीत. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पावसाळी ट्रेकला आपण सुती कपडे टाळतो. इथे मात्र सुती शर्ट भिजवून घालावा, वाळेपर्यंत अंग गार राहते.

वाटेवरच्या नळांवर विसंबू नये. ते पाणी उत्तर कड्याखालच्या झऱ्यातून जुन्या पाइपने येते. पाइप वारंवार फुटतो आणि नळ कोरडे पडतात. त्या दिवशीची स्थिती माहिती केंद्रात विचारावी. दरीत उतरणाऱ्या दुसऱ्या, साउथ कैबाब वाटेवर तर पाणी नाहीच.

मग शेवटच्या दिवशी काय करावे? कड्यावरची रिम ट्रेल. यावापाई संग्रहालयापासून गावाकडे जाणाऱ्या सपाट, फरसबंद भागावर ‘ट्रेल ऑफ टाइम’ आखली आहे: एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे, आणि बाजूला त्या त्या काळातले खडक मांडलेले. नातवंडांना हे फार आवडते. कंटाळा आला की मोफत बस आहेच.

सामान बांधताना स्वयंपाकाच्या गॅसची डबी बाहेर काढावी. ती विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. चालायच्या काठ्या चेक-इनमध्ये द्याव्यात. उद्यानातला दगड खिशात घालणे बेकायदा आहे, हे मुलांना आधीच सांगावे. आणि घड्याळ जपावे: उन्हाळ्यात ॲरिझोना आणि लास व्हेगासची वेळ एकच, पण शेजारचे युटा राज्य आणि ॲरिझोनातलाच नवाहो आदिवासींचा प्रदेश एक तास पुढे. पेज गावाजवळ फोन कधी युटाचा टॉवर पकडतो, कधी ॲरिझोनाचा. तिथे ठरलेल्या वेळेसाठी ॲरिझोनाच्या वेळेला लावलेले हातातले घड्याळ पाहावे.

— एक गिर्यारोहक वाचक, पुणे