दोन नंबर कुणाला, ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या पानावर एका वाचकाचं पत्र होतं, की ऑस्ट्रेलियात पक्ष निवडणुकीआधी एकमेकांशी पसंतीक्रमाचे सौदे करतात, मतदाराला न विचारता त्याचं मत फिरवतात आणि असली पद्धत आपल्याकडं नकोच. पत्र वाचलं आणि गप्प बसवेना, कारण 2025 च्या एप्रिल-मे महिन्यात मी मेलबर्नला लेकीकडं होते, 3 मे ला झालेली त्यांची निवडणूक डोळ्यांनी बघितली, त्यावर त्यांच्या घरात झालेली वादावादी पण ऐकली, आणि पत्रलेखकांचं म्हणणं मला निम्मंच बरोबर वाटतंय.

आधी तिथं मत कसं देतात ते सांगते. त्यांच्या लोकसभेसारख्या सभागृहासाठी हिरवी मतपत्रिका असते, त्यावर जेवढे उमेदवार तेवढ्या सगळ्यांच्या पुढं 1, 2, 3 असे नंबर लिहायचे, एक पण चौकट रिकामी सोडायची नाही. कुणालाच निम्म्याच्या वर मतं नसली की सगळ्यात खालचा उमेदवार बाद होतो, आणि त्याच्या मतपत्रिका दोन नंबर कुणाला दिलाय ते बघून त्या त्या गठ्ठ्यात जातात, असं करत करत कुणीतरी निम्म्याच्या पुढं जाईपर्यंत. ही पद्धत तिथं 1918 पासून आहे. त्या वर्षी स्वान नावाच्या जागेच्या पोटनिवडणुकीत एकाच विचाराच्या दोघांत मतं फुटली आणि तिसराच निवडून आला, त्यानंतर त्यांनी कायदा बदलला. मतं फुटून तिसऱ्याचा फायदा झाला, हे वाक्य आपण प्रत्येक निकालानंतर कट्ट्यावर म्हणतो की नाही? त्यांनी ते शंभर वर्षांपूर्वी म्हटलं आणि इलाज पण केला.

आता सौद्याचं. मतदान केंद्राबाहेर प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते एक कार्ड वाटतात, आमच्या माणसाला एक द्या, दोन ह्याला, तीन त्याला, असं त्यावर छापलेलं असतं. पक्ष एकमेकांशी बोलून ठरवतात ते हे कार्ड. पण ते कार्ड म्हणजे सल्ला आहे हो, मत नाही. पेन्सिल मतदाराच्या हातात असते, कार्ड खिशात घालून आपल्या मनानं नंबर लिहायला कुणी अडवत नाही, आणि पुष्कळ लोक तसं करतात पण. माझे जावई चार कार्डं घेऊन आत गेले आणि एकही न बघता मत देऊन आले.

मतदानाच्या आधी आठवडाभर त्यांच्याकडं मराठी मित्रमंडळी जेवायला आली होती, तेव्हा जो वाद पेटला तो अजून कानात आहे. त्यावेळी लिबरल ह्या तिथल्या दोन मोठ्या पक्षांपैकी एकानं बऱ्याच जागी आपल्या कार्डावर दोन नंबर पॉलिन हॅन्सन बाईंच्या वन नेशनला दिला होता. ह्या बाई 1996 ला संसदेतल्या पहिल्याच भाषणात आशियातल्या लोकांची लाट आपल्याला बुडवून टाकेल म्हणाल्या होत्या, त्यामुळं आपल्या लोकांना हे लागणारच. एक जण, गेली कित्येक वर्षं लिबरलला मत देणारा, अक्षरशः हळवा होऊन म्हणाला, मी ह्यांना एक नंबर देतो आणि हे माझ्या पोरांना इथं नको म्हणणाऱ्यांना दोन नंबर द्या म्हणतात, मग माझी किंमत काय राहिली? दुसऱ्यानं समजूत काढली, अरे कार्ड आहे ते, तू नको देऊ. वयानं मोठे एक गृहस्थ होते, ते म्हणाले, 1998 ला ब्लेअर नावाच्या जागेवर ह्याच बाई 36 टक्के मतं घेऊन सगळ्यांच्या पुढं होत्या आणि तरी पडल्या, कारण बाकीच्यांनी पुढचे नंबर त्यांना दिले नाहीत, तर ज्या पद्धतीला तू शिव्या घालतोयस तिनंच त्यांना अडवलं होतं. तरी पहिल्याचं समाधान झालं नाही, तो म्हणाला पक्षाचं मन कळलं मला.

आणि मला वाटतं तोच मुद्दा आहे. त्याला पक्षाचं मन मतदानाच्या आधी कळलं, छापील कागदावर कळलं, आणि त्याच्याकडं पेन्सिल होती. आपल्याला कधी कळतं? निकाल लागल्यावर, रात्रीच्या बैठका झाल्यावर, सकाळी टीव्ही लावला की.

निकालात काय झालं ते पण ऐका. माझी लेक राहते ती जागा ग्रीन्स पक्षाचे नेते अ‍ॅडम बँड्ट यांची होती, 2010 पासून. पहिल्या पसंतीत तेच पुढं होते पण लिबरलच्या मतदारांचे पुढचे नंबर मोठ्या प्रमाणात लेबर ह्या दुसऱ्या मोठ्या पक्षाच्या सारा विटी यांना गेले आणि बँड्ट पडले. लोक हळहळत होते की सौद्यानं मारलं. पण 2010 ला तीच जागा त्यांनी पहिल्यांदा जिंकली तेव्हा लेबरच्या उमेदवार पहिल्या पसंतीत पुढं होत्या आणि बँड्ट निवडून आले ते लिबरलकडून आलेल्या पसंतीवर! त्यावेळी लिबरलच्या कार्डावर ग्रीन्स लेबरच्या वर होते. म्हणजे ज्या दारानं आले त्याच दारानं गेले. ह्यात फसवणूक कुणाची झाली सांगा? ज्या मतदाराचा पहिला माणूस येऊ शकत नव्हता त्यानं उरलेल्या दोघांत कोण चालेल ते सांगितलं, एवढंच.

पत्रलेखक निम्मे बरोबर म्हटलं ते सिनेटमुळं, म्हणजे त्यांच्या राज्यसभेसारख्या सभागृहामुळं. तिथं 1984 पासून एक सोय केलेली होती की सगळे नंबर लिहायचा कंटाळा असेल तर मतपत्रिकेवर एक आडवी रेघ असते, वर पक्ष आणि खाली उमेदवार, त्या रेघेच्या वर एका पक्षापुढं फक्त 1 लिहा, पुढचे सगळे नंबर पक्षानं आधी आयोगाकडं दिलेल्या यादीप्रमाणं धरले जातील. शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक तेच करायचे. मग बारीकबारीक पक्ष एकत्र बसून याद्या जुळवायला लागले, आणि 2013 ला व्हिक्टोरिया राज्यातून रिकी म्युर हे गाड्यांची हौस असणाऱ्यांच्या पक्षाचे गृहस्थ अर्धा टक्का मतांवर, नेमकं सांगायचं तर 0.51 टक्क्यांवर, सिनेटर झाले. त्या माणसाला मी नावं ठेवत नाही, नियम होता तसा तो निवडून आला. पण ज्यांची मतं त्याला गेली त्यांना आपलं मत कुठं चाललंय हे माहीतच नव्हतं. हा खरा सौदा, आणि तो वाईटच. 2016 ला त्यांनी कायदा बदलून ह्या याद्या बंद केल्या, आता रेघेच्या वर कमीत कमी सहा किंवा खाली बारा नंबर मतदारानं स्वतः लिहावेत असं मतपत्रिकेवरच सांगितलेलं असतं, आणि पक्षाच्या हातातला नंबर मतदाराच्या हातात आला.

आता आपल्या कोल्हापूरकडं येते, कारण ही पद्धत आपल्याकडं नको असं म्हणणाऱ्यांना मला सांगायचंय की ती इथं आहेच. 2022 च्या जूनमधली राज्यसभेची सहावी जागा आठवा, दोन्ही उमेदवार कोल्हापूरचेच. पहिल्या पसंतीची संजय पवार यांना 33 मतं, धनंजय महाडिक यांना 27, आणि निवडून आले महाडिक, दुसऱ्या पसंतीच्या मतांवर. पहाटेपर्यंत अख्खा जिल्हा जागा होता, पण कमी मतं असून निवडून कसा आला हे सकाळी चहाच्या गाड्यावर दहापैकी दोघांना सांगता येत नव्हतं. तिथं निदान मतदार आमदार होते. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात तर आपणच मतदार असतो, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर मिळून, आणि तिथं आपण काय करतो ते बघा.

2020 च्या डिसेंबरमध्ये मी नोकरीत होते, शिक्षक मतदारसंघात मत द्यायला गेले. बाहेर टेबल टाकून बसलेल्या एका उमेदवाराच्या माणसानं हात जोडून सांगितलं, बाई फक्त एक लिहा, दोन कुणाला लिहू नका, दोन लिहिलं की आपल्या माणसाला तोटा होतो. मी ऐकलं. एक लिहिलं आणि आले. त्या वेळी आपल्या जिल्ह्यातले जयंत आसगावकर निवडून आले पण पहिल्या फेरीत नाही, खालचे उमेदवार एकेक करून बाद होत त्यांच्या मतपत्रिका पुढं सरकत गेल्या तेव्हा. माझा उमेदवार मधेच बाद झाला आणि माझी मतपत्रिका तिथंच थांबली, शेवटच्या दोघांत कोण यावं ह्यावर मला काहीच म्हणता आलं नाही. चौतीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं की एका जागेच्या निवडणुकीत आपला एक नंबरवाला शर्यतीत आहे तोवर दोन नंबर कुणी बघत पण नाही, तो बाद झाल्यावरच बघतात. मग तोटा कसा होईल? तोटा झाला तो माझा. मेलबर्नमध्ये लेकीच्या स्वयंपाकघरात जावयांनी कागदावर गठ्ठे मांडून दाखवले तेव्हा हे समजलं आणि फार वाईट वाटलं, कारण माझ्यासारख्या किती जणांच्या मतपत्रिका अशा मधेच थांबल्या असतील.

फक्त एक लिहा असं सांगणं हा पण सौदाच आहे, फक्त तो कुठं छापलेला नसतो. 2019 च्या लोकसभेला काँग्रेसचे सतेज पाटील यांच्या गटानं 'आमचं ठरलंय' म्हणत आघाडीच्या महाडिकांऐवजी शिवसेनेच्या संजय मंडलिकांना साथ दिली, हे आपल्याकडं उघड सांगितलं गेलं होतं, पटणाऱ्यांना पटलं, न पटणाऱ्यांनी विरोधात मत दिलं, पण कुणाला अंधारात ठेवलं नव्हतं. पदवीधरच्या उमेदवारांनी पण तसंच सांगावं, मी नसेन तर माझ्या मतदारांनी दोन नंबर कुणाला द्यावा असं मला वाटतं ते. लोक ऐकतील किंवा नाही ऐकणार, ते त्यांचं.

म्हणून संपादकसाहेब, माझी आपल्याला विनंती आहे. पुणे पदवीधर आणि शिक्षकची निवडणूक सहा वर्षांनी येते, प्रत्येक वेळी नाव नव्यानं नोंदवावं लागतं आणि ते पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्या वेळी कोण कुणाच्या गाडीत दिसलं ह्या बातम्यांबरोबर एक पान मतपत्रिकेला द्या. एक लिहिणं सक्तीचं आहे, पुढचे नंबर आपल्या इच्छेवर आहेत पण लिहिले तर फायदाच आहे, केंद्रावर दिलेल्या पेननंच लिहायचं, आकड्यातच लिहायचं, अक्षरात 'एक' लिहिलं की मत बाद, बरोबरची खूण केली तरी बाद, हे मोठ्या टाईपात छापा. मतं एका गठ्ठ्यातून दुसऱ्यात कशी जातात त्याचं एक चित्र काढा. आणि प्रत्येक उमेदवाराला एकच प्रश्न विचारून उत्तर नावासकट छापा, की तुमचा दोन नंबर कुणाला. जो उत्तर देणार नाही त्याच्यापुढं 'उत्तर दिलं नाही' असं छापा. चित्रासाठी गठ्ठ्यांचा तो कागद मी जपून ठेवलाय, उपयोगी पडणार असेल तर कार्यालयात आणून देते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
राजारामपुरी, कोल्हापूर