लठ्ठपणाचे औषध म्हणजे आळस नव्हे

वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांना ‘आळशांची पळवाट’ ठरवणारा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचून वाईट वाटले. माझी वहिनी सहा वर्षे रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला फेऱ्या मारते. रात्रीचा भात तिने कधीच सोडला. तरी वजन ९० किलोंखाली येईना आणि गुडघे धरले ते धरलेच. अखेर डॉक्टरांनी आठवड्याचे इंजेक्शन सुरू केले. ते ती फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे लपवून ठेवते, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. रक्तदाबाची गोळी कोणी अशी लपवते का?

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइड या अशाच आठवड्याच्या इंजेक्शनाच्या चाचणीत आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दोन्ही गटांना होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्के घटले, दुसऱ्या गटाचे २.४ टक्के. पुढे औषध आणि मार्गदर्शन दोन्ही थांबल्यावर घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आले. म्हणजे ही दोन्ही बरोबरीने, आणि बहुधा दीर्घकाळ लागतात. लेखकाने मात्र त्यांना एकमेकांसमोर उभे केले. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना इंजेक्शन घेऊ नये, हे त्यांचे म्हणणे अगदी मान्य.

वहिनीच्या फेऱ्या सुटलेल्या नाहीत. पूर्वी दोन जमत, आता पाच होतात.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव