‘कुठेही यायला तयार’ म्हणजे नेमके कुठे?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परगावी नोकरी शोधणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत आलेला सल्ला वाचला. बायोडेटाच्या शेवटी ‘स्थलांतरास तयार’ असे लिहावे, दारे आपोआप उघडतील, असा त्याचा एकंदर सूर होता. नोकरीची सारी वर्षे मी भरती विभागात काढली. अर्ज करणाऱ्यांच्या समोरच्या खुर्चीतून हे वाक्य कसे दिसते, ते सांगावेसे वाटले.

खरे तर ते दिसतच नाही. पहिली चाळणी लागते ती सॉफ्टवेअरची. त्यात शहर टाकले की त्या शहराचे आणि आसपासचे अर्ज वर येतात, बाकीचे खाली राहतात. शेवटच्या पानावरच्या तुमच्या तयारीपर्यंत कोणी पोहोचतच नाही. म्हणून ही गोष्ट नाव आणि फोन नंबर असतो तिथेच, पहिल्या ओळींत यायला हवी: सध्या मुक्काम कुठे, कोणत्या शहरात येणार आणि कधीपासून. काही जण यावर तोडगा म्हणून मित्राचा तिथला पत्ता ठोकून देतात. मग भरती विभागातून फोन जातो, ‘उद्या सकाळी भेटायला येता का?’ आणि पलीकडे शांतता! पत्त्यातच खोटे निघाले की पुढच्या अनुभवाच्या वर्षांवर कोण विश्वास ठेवणार?

लिंक्डइन या नोकरीविषयक साइटवर ‘ओपन टू वर्क’मध्ये, म्हणजे आपण नोकरी शोधत आहोत हे कळवण्याच्या सोयीत, आपल्याला चालतील ती शहरे निवडता येतात, तीही जरूर भरावीत. मात्र नोकरीत असताना हे करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. ‘फक्त रिक्रूटर्सना दिसू दे’ हा पर्याय निवडला तरी आपल्याच कंपनीच्या भरती विभागाला ते दिसणार नाही, याची पूर्ण हमी ती साइटही देत नाही.

आता ‘कुठेही’ या मोघमपणाबद्दल. उमेदवाराला वाटते, आपण उदारपणा दाखवला. वाचणाऱ्याला वाटते, याने विचारच केलेला नाही. परगावच्या उमेदवाराबद्दल कंपनीच्या मनात तीन धास्ती असतात. हा आमचे ऑफर लेटर दाखवून आहे तिथेच पगार वाढवून घेईल. रुजू होण्याची तारीख पुढे पुढे ढकलत राहील. किंवा येईल, करमणार नाही आणि सहा महिन्यांत परत जाईल. या तिन्ही गोष्टी मी पाहिलेल्या आहेत, म्हणून कंपन्यांना फार दोषही देववत नाही. यातल्या एकाही शंकेला ‘कुठेही’ हे उत्तर नाही. तारीख आणि कारण हे उत्तर आहे. उदाहरणार्थ: ‘माझा नोटीस पिरियड ३० दिवसांचा आहे. ऑफर मिळाल्यापासून सहा आठवड्यांत रुजू होऊ शकेन. तिथे बहीण राहते, त्यामुळे जागा मिळेपर्यंत राहण्याची सोय आहे.’ एवढ्या दोन-तीन वाक्यांनी मुलाखत घेणाऱ्याचा खांदा सैल पडतो. बहीण नसेल तर नसेल, पण त्या शहरात आपल्या कामाच्या कंपन्या जास्त आहेत किंवा जोडीदाराला तिथे नोकरी लागली आहे, असे काहीतरी खरे कारण असतेच की. ते लिहावे.

अडचण असेल तर तीही सांगावी. एका उमेदवाराने मुलाखतीत स्पष्ट सांगितले होते की मुलीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत तो एकटाच येईल, बिऱ्हाड नंतर हलवेल. पॅनेलमधल्या एकाने ‘हा अर्धाच येतोय’ असा शेरा मारला. त्या खेपेला निवडलेल्यांपैकी ठरल्या दिवशी हजर झाला तो हाच. बिनशर्त होकार देणारे बाकीचे तारखा वाढवून मागत बसले.

बायकांच्या बाबतीत घोडे वेगळ्याच ठिकाणी पेंड खाते. अर्जात सारे नीट लिहिलेले असताना मुलाखतीत हटकून प्रश्न येतो, ‘घरी विचारलंय का? मिस्टरांच्या नोकरीचं काय?’ बाहेर बाकावर बसलेल्या पुरुषांपैकी एकालाही हा प्रश्न विचारला जात नाही. मी पॅनेलवर असताना तो प्रश्न मध्येच तोडत असे, आणि नंतर ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ हेही ऐकून घेत असे. समोरच्या मुलीसाठी मात्र मी दर वेळी तिथे असणार नाही. तिने नवऱ्याच्या नोकरीचा जमाखर्च मांडू नये. ‘निर्णय झालेला आहे, मी अमुक तारखेला रुजू होऊ शकते,’ एवढे सांगावे आणि आपल्या कामाविषयी बोलायला लागावे.

पैशांचा विषय अर्जात काढू नये, पण सहीच्या आधी काढलाच पाहिजे. यात लाजणारी माणसे फार. सामान हलवण्याचा खर्च कोण करणार, प्रवासाचे भाडे कोणाचे, सुरुवातीला राहण्याची सोय किती दिवस, हे विचारण्यात काही वावगे नाही. काही कंपन्या एकरकमी पैसे देतात, काही बिले पाहून, काही थेट पॅकर्सनाच. एकरकमी रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण ती बऱ्याच ठिकाणी पगारात धरून तिच्यावर कर कापला जातो. मग हातात पडलेल्या पैशांत टेम्पोही भागत नाही. शिवाय नेमणूकपत्रात एक कलम असू शकते: ठरावीक मुदतीच्या आत नोकरी सोडली तर हा खर्च परत करावा लागेल. तो सगळा की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, आणि कंपनीनेच काढून टाकले तर काय, हे तेव्हाच विचारून घ्यावे. तोंडी ‘बघू, करू काहीतरी’ याला हिशेब विभागात काडीची किंमत नसते. जे ठरेल ते ईमेलवर मागावे.

आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘मी तुमच्या शहरात यायला तयार आहे’ आणि ‘कंपनी पाठवेल तिथे जायला तयार आहे’ हे दोन वेगळे होकार आहेत. नेमणूकपत्रात बदलीचे कलम बहुधा असतेच, आणि त्यावर सही म्हणजे दुसरा होकार. एका शहरासाठी घरदार हलवून आलेल्या माणसाला वर्षभरात तिसरीकडे जा म्हटले, की तो ‘असं ठरलं नव्हतं’ म्हणत आमच्याकडे येई. कागद काढला की ठरलेले असे. म्हणून मुलाखतीतच विचारावे, की या पदावरच्या माणसांची बदली साधारण किती वर्षांनी होते. उत्तर देताना समोरचा चाचरला तर तेही उत्तरच.

आता थोडे कंपन्यांविषयी. ‘उमेदवार स्थलांतरास तयार हवा’ असे जाहिरातीत ठळक छापतात, खर्चाबाबत मात्र चकार शब्द नाही. बरे, पहिल्या फेरीचे बोलणे व्हिडिओ कॉलवर सहज होते, तरी पंधरा मिनिटांच्या ओळखीसाठी माणसाला रजा टाकून स्वखर्चाने बोलावणारे आजही आहेत. आपल्या पुरवणीत नोकरीच्या जाहिराती स्वीकारताना अर्जात दोन रकाने वाढवता येतील का? कामाचे नेमके ठिकाण, आणि स्थलांतराचा खर्च कंपनी देणार की नाही. रकाना रिकामा आला तर तो रिकामाच छापावा.

आपली,
एक निवृत्त भरती अधिकारी