कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातून व्ह्यूफाइंडर काढून टाकल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : उन्हात न दिसणारी स्क्रीन आणि आपल्या प्रतिनिधीचे वर्तन

महोदय,

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेल्या संभाषणानंतर पुन्हा फोन करण्यात अर्थ उरलेला नाही, म्हणून लेखी कळवीत आहे.

आपल्याच कंपनीच्या माझ्या जुन्या कॉम्पॅक्टला लेन्सच्या वर काचेचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून दृश्य पाहायची छोटी खिडकी) होता. त्यातून चौकटीचा साधारण 80 टक्केच भाग दिसे आणि अगदी जवळची वस्तू टिपताना नेम थोडा सरके. तरी मी कधी कुरकुर केली नाही, कारण डोळा लावला की भर दुपारीही समोरचे स्वच्छ दिसे आणि कॅमेरा कपाळाला टेकल्याने हात स्थिर राहत. नव्या कॅमेऱ्यात आहे ती केवळ मागची स्क्रीन, जिच्याविषयी आपल्या माहितीपत्रकात ‘प्रखर उन्हातही सुस्पष्ट’ असे छापले आहे.

ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढत असताना ऊन माझ्या पाठीवर, म्हणजे थेट स्क्रीनवर होते. तिच्यात मला दिंडी दिसली नाही. दिसली ती माझ्या सदऱ्याची पांढरी बाही, आभाळ आणि काचेवरचे बोटांचे ठसे. झूम लांबवून हात पुढे धरले की चौकट डुलू लागे. जवळचे पाहायला मला चाळिशीचा चष्मा लागतो आणि तो घामाने घसरत होता. जुन्या व्ह्यूफाइंडरला नंबराप्रमाणे फिरवायची चकती होती. घरी येऊन पाहिले, तर विणेकऱ्याचे डोकेच चौकटीबाहेर गेले होते. तो क्षण आपली कंपनी मला परत देऊ शकत नाही.

आपल्या प्रतिनिधीने आधी ब्राइटनेस वाढवायला सांगितले. तो शेवटच्या टोकालाच आहे आणि त्यामुळे बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही, असे मी म्हणालो. त्यावर उत्तर आले, “सर, स्क्रीनवर हाताने सावली करा.” उजवा हात शटरवर आणि डावा कॅमेऱ्याखाली असताना सावली कोणत्या हाताने करायची, असे विचारताच त्यांनी मला थांबवून संगीत ऐकवले. परत आल्यावर पहिला प्रश्न होता, “आपलं वय किती?” कशासाठी, असे विचारले. “सीनियर लोकांना स्क्रीनची सवय व्हायला वेळ लागतो, सर. घरी नातवंडं असतील, त्यांच्याकडून शिकून घ्या.” फोन ठेवला न ठेवला तोच ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश आला. कसले निराकरण? ऊन माणसाचे वय विचारून स्क्रीनवर पडत नाही. ज्या स्क्रीनवर उन्हात काही दिसतच नाही, तिची सवय कोणत्याही वयात होणार नाही.

स्क्रीनला माझा विरोध नाही. कॅसिओने 1995 मध्ये क्यूव्ही-10 या डिजिटल कॅमेऱ्याला मागे स्क्रीन दिली, तेव्हा टिपलेले छायाचित्र जागच्या जागी पाहता येऊ लागले, ही मोठीच सोय होती. आणि पुढे अनेक वर्षे स्क्रीन व व्ह्यूफाइंडर एकाच कॅमेऱ्यात नांदले. स्क्रीन मोठी आणि कॅमेरा चपटा करण्यासाठी आपण त्यातले एक काढून टाकले, आणि ‘प्रखर उन्हातही सुस्पष्ट’ असे छापून ते झाकले. इतकी वर्षे मी दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा हातात धरला नाही, म्हणून हे अधिक लागले.

हा कॅमेरा परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी, किंवा फरकाची रक्कम घेऊन व्ह्यूफाइंडर असलेले मॉडेल द्यावे. त्या प्रतिनिधीच्या वागणुकीबद्दल लेखी खुलासाही हवा आहे. 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. बिलाची प्रत, माहितीपत्रकाचे ते पान आणि दिवे घाटातील छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक जुना ग्राहक, पुणे