न्हाणीतली चूल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गणपतीत आले होते तेव्हा आई, तू पाखाडी चढताना दोनदा थांबलीस. एकदा जास्वंदीची कळी बघायला, एकदा नुसतीच, कंबरेवर हात ठेवून. फोनवरही हल्ली बोलणं अर्ध्यावर सोडून "बाबांना देते" म्हणतेस. मला वाटायचं, कंटाळलीस. आता कळतंय, वाक्य पुरं करायला तुला श्वासच पुरत नाही.

डॉक्टरांनी कागदावर सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होत जाण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार, असं लिहिलं तेव्हा बाबा, तुम्ही म्हणालात, "हिने जन्मात विडी ओढली नाही!" खरंय. पण चाळीस वर्षं धूर तर गेलाच ना आत. नारळाची ओली चुडतं, सोडणं, तोंडाला फुंकणी. घरात गॅस आला, तरी न्हाणीतल्या चुलीवरचा हंडा अजून उतरलेला नाही.

त्या धुराने श्वासनळ्या आतून सुजतात, अरुंद होतात, कफ धरतात. त्यांच्या टोकाला जे वायुकोश, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्या भिंती फाटत जातात. मग हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. आधीची हवा अडकलेली असतानाच पुढच्या श्वासाची वेळ होते. आई, तू "छाती भरल्यासारखी वाटते" म्हणतेस ना, ती खरोखरच भरलेली असते. त्या फुंकायच्या तपासणीत निरोगी माणसाची 70 टक्क्यांहून जास्त हवा पहिल्याच सेकंदात बाहेर पडते. तुझी 52 टक्के, तीही औषध ओढल्यावर. याला वय झालं म्हणत नाहीत, बाबा. आळस तर नाहीच नाही.

झालेलं नुकसान भरून येत नाही, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण तोंडाने औषध ओढायच्या पंपाने धाप कमी होते आणि खोकल्याचं दुखणं सारखं उलटत नाही. आई, सवय लागेल या भीतीने तू तो धाप लागल्यावरच घेतेस. तसं करू नकोस. रोजचा पंप रोज घ्यायचा. औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून थोडंच पुरतं. ओढलंस की दहापर्यंत मोजेस्तोवर श्वास धर, मग चूळ भरून टाक, नाहीतर तोंडात पांढरा थर धरतो.

पाखाडी चढताना नाकाने श्वास घे आणि चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून, घेतलास त्याच्या दुप्पट वेळ सोड. सोडतासोडता पायरी चढ. ओठ आवळले की नळ्या लवकर मिटत नाहीत, अडकलेली हवा निघते.

बाबा, चुलीवरच्या पाण्याशिवाय तुम्हाला अंघोळ केल्यासारखं वाटत नाही, ठाऊक आहे मला. पण पहाटे पाचला ती चूल पेटवायला आईच वाकते. गिझर पाठवलाय, सोमवारी वायरमन येईल. लाईट गेली तर पाणी गॅसवर ठेवा. हंडा घासून माळ्यावर टाका, तुमच्या हाताने. आणि फ्लूची लस दोघांनीही दरवर्षी घ्यायची.

आई, फोन बाबांना देऊ नकोस. मध्येच थांबलीस तरी चालेल, मी थांबेन.

तुमची,
लेक