झेंडूचा भाव संध्याकाळी का पडतो? मुलांच्या अर्थशास्त्राच्या व्हिडिओंसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

गेल्या दसऱ्याला आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेतली सहा मुलं पहाटेच दादरच्या फुलबाजारात पोचली. सोबत एक मोबाइल आणि एक वही. पहाटे झेंडूचा भाव विचारून लिहून घेतला, दुपारी पुन्हा विचारला. संध्याकाळी तिसऱ्यांदा गेली, तर उरलेल्या झेंडूचा फुटपाथच्या कडेला ढीग पडलेला आणि फूलवाल्या मावशी पाट्या आवरत होत्या. आठवीतल्या एकीने विचारलं, ''टाकता कशाला? उद्या विका ना!'' मावशी म्हणाल्या, ''उद्या तोरण कोण लावतंय गं?''

'मागणी' शिकवायला आम्ही फळ्यासमोर दोन तास घालवले असते. मावशींनी ते काम एका वाक्यात उरकलं.

त्यातून तीन मिनिटांचा पहिला व्हिडिओ तयार झाला. फक्त मावशींचं ते वाक्य टॅक्सीच्या हॉर्नमध्ये बुडालं आणि आम्हाला ते खाली अक्षरांत लिहावं लागलं. या आवाहनाची सुरुवात खरं तर त्या हॉर्नपासून झाली.

राज्य मंडळाच्या नववीच्या भूगोलात 'अर्थशास्त्राशी परिचय' हा धडा आम्ही मुलांसोबत वाचला. अकरावीला कला किंवा वाणिज्य घेतलं तर हा विषय पुन्हा भेटतो. एकेका माणसाचा-दुकानाचा व्यवहार आणि साऱ्या देशाचा व्यवहार, अशा त्याच्या दोन शाखांना पूर्वी अंशलक्षी-समग्रलक्षी म्हणत, आता सूक्ष्म-स्थूल म्हणतात. धडकी तीच भरते. अर्थशास्त्र कशाचं असतं, असं आम्ही मुलांना विचारलं तेव्हा 'शेअर बाजाराचं' हे उत्तर सर्वांत आधी आलं. दुसरं उत्तर होतं 'श्रीमंत कसं व्हायचं त्याचं'. मुलांचा दोष नाही. 'महिन्यात पैसे दुप्पट' सांगणारी रील त्यांच्या घरातल्या मोबाइलवर रोज येते. त्याच मोबाइलवर, तेवढ्याच वेळात, खरा विषय का दाखवू नये?

असे दहा व्हिडिओ करायचे ठरवलं आहे. एक गणपतीच्या वर्गणीवर: जमा रक्कम ठरलेली, मग रोषणाई वाढवायची की मूर्तीची उंची? एक मिळालं की दुसरं सुटतं, आणि जे सुटलं तीच त्या निवडीची खरी किंमत. हे लालबाग-परळच्या मुलाला वेगळं समजावावं लागत नाही. एक बेस्टच्या तिकिटावर. मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं; तिकिटातून न निघणारा खर्च कोण सोसतं, महापालिकेने पैसे दिले तर बसमध्ये कधीच न बसणाऱ्यानेही ते का भरायचे? यावर मुलं आत्तापासूनच भांडत आहेत. एक गिरण्यांवर: १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप आणि पुढे त्याच जमिनींवर उभे राहिलेले मॉल. हा व्हिडिओ करताना आजोबांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं आहे, त्यामुळे सावकाश करू.

भिशीचा व्हिडिओ मात्र आमचा लाडका. बारा बायका, दर महिन्याला ठरलेली रक्कम, एकीला सगळी उचल. जिला पहिल्या महिन्यात मिळाली तिने कर्ज घेतलं, जिला शेवटी मिळाली तिने बचत केली. रक्कम मात्र सारखीच. मग फायदा कोणाचा? व्याज म्हणजे काय, हे इथून सुरू करता येतं.

आणि एक बाबासाहेबांवर. परळच्या बीआयटी चाळीत राहिलेला हा माणूस सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचा प्राध्यापक होता आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्याचा ग्रंथ १९२३ मध्ये निघाला, हे चाळीपासून चार गल्ल्या दूर राहणाऱ्या मुलांना ठाऊक नव्हतं.

नुसता व्हिडिओ पाहून विषय येतो, असा आमचा दावा नाही. प्रत्येक व्हिडिओनंतर अर्धा तास गप्पा ठेवल्या आहेत. शेअरच्या टिपा कुणी मागू नयेत, आणि कोणत्याही पक्षाचा प्रचार यात घुसू देणार नाही.

आता मागणं. कॉलरला लावायचे दोन माइक, एक स्टँड, चित्रीकरण साठवायला हार्ड डिस्क आणि मुलांचा प्रवास व वडापाव. सगळं मिळून ३०,००० रुपयांत बसवू. देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारं ८०जी प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो. पावती मात्र दहा रुपयांचीही मिळेल आणि हिशेब सूचना फलकावर लागेल.

पैशांइतकीच माणसंही हवीत. बँकेतून निवृत्त झालेले किंवा अर्थशास्त्र शिकवलेले कुणी संहिता तपासून देतील का? आमच्याकडून 'महागाई' आणि 'भाववाढ' यांत गफलत झाली होती, ती एका वाचक सभासदाने पकडली. संकलन येणारी कॉलेजची मुलं, दुकानात तासभर चित्रीकरण करू देणारे दुकानदार, चालू स्थितीतला जुना मोबाइल, सगळ्यांचं स्वागत.

सोमवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ वाचनालयाच्या खिडकीवर या. पुढचं चित्रीकरण भाऊच्या धक्क्यावर, मासळीच्या लिलावाचं. तिथला आवाज फुलबाजाराच्या वरताण असतो. माइक त्याआधी आला तर बरं.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी आणि अभ्यासिकेतली मुलं